डुक्कर फियाट: लायनर कुठले, ऑइल कुठलं?

पेठेतला_पाना
मंडळी, घरात १९५८ सालची फियाट ११०० आहे. आपली डुक्कर फियाट. डेंटिंग-पेंटिंग झालं, इंजिन खोलून बसवून झालं. आता दोन गोष्टींवर गाडं अडलंय.

१) ब्रेक लायनर, म्हणजे ड्रममधल्या ब्रेक शूवर मारलेलं घासणारं अस्तर. नाना पेठेतल्या एका दुकानदाराने माळ्यावरून जुना पुडा काढून दाखवला. अ‍ॅस्बेस्टॉसचे, पितळी तार विणलेले. म्हणतो, "साहेब, असला माल आता बनतच नाही." दुसरीकडे साधे नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस मिळतात. कुठले घ्यावेत?
२) इंजिन ऑइल. मेकॅनिक म्हणतो २०डब्ल्यू-५० मिनरल, म्हणजे दाट, साधं खनिज तेल. मेव्हणा म्हणतो फुल सिंथेटिक टाक, खर्चाकडे बघू नकोस. (खर्च माझा.)

शिवाय एक त्रास आहे. ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. मागचा डावा ड्रम काढला तर लायनर तेलाने थबथबलेले. मेकॅनिकने ते पेट्रोलने धुतले, स्टोव्हवर भाजले आणि परत बसवले. दोन-चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. सीलही नवीन टाकून झालंय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोलघेवडा
भाजले म्हणजे भरताच्या वांग्यासारखे? वरून फोडणी राहिली असेल, म्हणून फरक पडला नाही.

घाटमाथा
वाचनखूण साठवली. माझ्या जीपचंही हेच रडगाणं आहे.

उद्यमनगर
पाना साहेब, कोल्हापुरात आमचं लेथ आणि शू रिलाइनिंगचं काम, वडिलांपासून. लायनर कुठले ते नंतर बघू. आधी तेल कुठनं येतंय ते बघा की. तेल थांबलं नाही तर सोन्याचे लायनर मारले तरी भिजणारच.

भाजलेला लायनर टाकून द्या. वरचं तेल जळतं, आतलं आतच राहतं. ड्रम तापला की पुन्हा पृष्ठभागावर येतं. आणि एक लक्षात ठेवा, थोडंसं तेल लागलेला लायनर उलट एकदम पकडतो, चाक जाम करतो. पूर्ण भिजला की मग घसरायला लागतो. म्हणून काही दिवस "बरं" वाटलं असेल.

ड्रममध्ये तीन ठिकाणांहून ओल येते. व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल, अ‍ॅक्सलच्या सीलमधून गिअर ऑइल, नाहीतर बेअरिंगचं ग्रीस. बॅकिंग प्लेटच्या तळाला जमलंय ते बोटावर घ्या. गिअर ऑइल दाट असतं आणि गंधकाचा उग्र वास येतो, एकदा आला की विसरत नाही. ब्रेक ऑइल पातळ, पाण्याखाली बोट धरलं की धुवून जातं. गिअर ऑइल पाण्याने हलत नाही.

गिअर ऑइल निघालं तर नव्या सीलवर भरवसा ठेवू नका. अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर काढा आणि सीलची ओठ जिथे घासते तिथे आडवं नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्टला खाच पडलीय. साठ वर्षं त्याच रेषेवर रबर आणि धूळ घासलीय, लोखंड झालं तरी झिजणारच. त्या खाचेत नवं सील बसवलं तरी तेल गळणारच. आणि बेअरिंग ढिलं असेल तर शाफ्ट नाचतो, मग कुठलंच सील टिकत नाही.

पेठेतला_पाना
वास गंधकाचाच आहे! घरात आला म्हणून बायकोने गॅस तपासायला माणूस बोलावला होता. शाफ्ट या रविवारी काढतो.

फुप्फुसवाली
मी गाड्यांमधली नाही, छातीच्या रोगांची डॉक्टर आहे. नवऱ्याच्या मॉरिसमुळे हा धागा वाचते. तो माळ्यावरचा पुडा घेऊ नका.

अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू इतके बारीक असतात की ते हवेत तरंगताना दिसत नाहीत. श्वासावाटे आत गेले की फुप्फुसात राहतात. आजार लगेच होत नाही, २० ते ४० वर्षांनी होतो. अ‍ॅस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसावरच्या आवरणाचा कॅन्सर. ब्रिटनने १९९९ मध्ये उरलेल्या पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरही बंदी घातली, युरोपीय संघात २००५ पासून ती सगळीकडे लागू झाली. आपल्याकडे पूर्ण बंदी नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी निदान ४० वर्षं ठेवायला सांगितलं. ४० वर्षं का, ते वरच्या आकड्यावरून कळेल.

आणि गाडीत आत्ता जे जुने लायनर आहेत तेही अ‍ॅस्बेस्टॉसचेच धरून चाला. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरने फुंकायचं नाही, कोरड्या ब्रशने झटकायचं नाही. साबणाच्या पाण्याचा फवारा मारा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. तोंडाला रुमाल बांधून काहीही उपयोग नाही.

साशंक
डॉक्टर, आमच्या काकांनी आयुष्यभर कॉम्प्रेसरने ड्रम फुंकले. ८३व्या वर्षी गेले, तेही जिन्यावरून पडून. उगाच घाबरवू नका लोकांना.

फुप्फुसवाली
काकांचं नशीब चांगलं. त्यांच्या गॅरेजात झाडू मारणाऱ्या पोरांची चौकशी केलीत का कधी?

साशंक
बरं बरं. मुद्दा मान्य. पण ब्रेक म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस भारी होता हे तरी मान्य करा.

उद्यमनगर
हे मात्र खरं. मऊ असायचा, ड्रमला ओरखडे पाडत नसे, तापला तरी पकड सोडत नसे. पण आता बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे विणलेले रोलही मिळतात, फूटपट्टीने कापून मारतो आम्ही. ब्रेकला जोर देणारा बूस्टर नसलेल्या गाडीला कडक लायनर मारला तर पायात गोळे येईपर्यंत दाबावं लागतं.

लायनरच्या कडेला अक्षरं छापलेली असतात, ती वाचायला शिका. शेवटची दोन अक्षरं पकड सांगतात. पहिलं थंड असताना, दुसरं तापल्यावर. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफएफ आला तर डोळे झाकून घ्या. एफई असेल तर घाटात पकड कमी होणार हे छापूनच दिलंय. अक्षरंच नसतील तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

मुंबईचा_मीटर
आमच्या घरात दोन पिढ्या काळी-पिवळी. पद्मिनी म्हणजे या फियाटचीच नात, चारही चाकांना ड्रम. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा बाबा दिवसभर बोलले नाहीत.

ड्रमचा एक धडा त्यांच्याकडून: पावसाळ्यात हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की पहिल्या सिग्नलला ब्रेक लागत नाही. पाणी बाहेर पडायला वाटच नसते. म्हणून पाण्यातून बाहेर आल्या आल्या, मागे कुणी नाही बघून, डाव्या पायाने ब्रेक हलकासा दाबून धरायचा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये चालवायची. लायनर घासून कोरडे होतात. हे टॅक्सीवाल्याला वेगळं सांगावं लागत नसे.

घाटमाथा
आणि बोर घाट उतरताना दुसरा गिअर. ड्रम तापला की फुगतो, शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, पेडल खाली खाली जातं. डिस्क ब्रेकमध्ये उलटं, चकती तापली की पॅडच्या दिशेने जाते. त्यामुळे नवी गाडी चालवणाऱ्याला ही गोष्ट माहीतच नसते. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुना नियम.

बोलघेवडा
म्हणजे एवढं सगळं करून ब्रेक वापरायचेच नाहीत, असं ठरलं.

तेलकट
आता ऑइलकडे वळतो. नोकरी वंगणाच्या प्रयोगशाळेत गेली, आता निवृत्त.

पाना, मेकॅनिकचं ऐका. इंजिन नुकतंच बांधलंय, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरवर बसायच्या आहेत. त्यांना थोडं घासायला हवं असतं, सुरुवातीलाच सिंथेटिक टाकलं तर रिंगा नीट बसत नाहीत आणि गाडी तेल खात राहते. मिनरल २०डब्ल्यू-५० टाका. जुन्या इंजिनांचे बेअरिंग क्लिअरन्स सैल असतात, फार पातळ तेलाने ऑइलचा दाब कमी होतो.

दुसरा मुद्दा जस्ताचा. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह हलवणारे कॅम आणि सपाट टॅपेट एकमेकांवर घासत चालतात, रोलर नसतो. तिथला पातळ थर झेडडीडीपी नावाचं जस्त-फॉस्फरसचं रसायन सांभाळतं. पण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, म्हणून तेलाच्या नव्या दर्जा-श्रेणींत (एपीआय) तो ०.०८ टक्क्यांपर्यंत खाली आणलाय. आंतरजालावर यावर पुष्कळ आरडाओरडा आहे. पण ती मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० असल्या पातळ ग्रेडना आहे. २०डब्ल्यू-५० तिच्यात येत नाही. डब्याच्या माहितीपत्रकात फॉस्फरसचा आकडा बघा, ०.१० च्या वर असेल तर शांत झोपा. वरून महागड्या बाटल्या ओतायची गरज नाही.

डिटर्जंट तेलाबद्दलही लोक भांडतात. इंजिन उघडून साफ केलंय, तर डिटर्जंट तेलच वापरा. भीती वेगळ्या गाडीची आहे: जिचं इंजिन कित्येक वर्षं उघडलेलं नाही, जिच्या तळाला गाळ बसलाय. त्यात डिटर्जंट तेल टाकलं तर गाळ सुटतो आणि ऑइलच्या वाटा बुजवतो. ऑस्टिन सेव्हन, फोर्ड मॉडेल ए यांना तर ऑइल फिल्टरच नाही. गाळ तळाला बसू देणं हीच तिथली गाळणी.

आणि महिन्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करण्याची जी पद्धत आहे, ती सोडा. तेल तापत नाही, ज्वलनातलं पाणी आणि कच्चं पेट्रोल तेलात उतरतं. चालवायची तर पूर्ण तापेपर्यंत चालवा, नाहीतर हात लावू नका.

घाटमाथा
+१. गिअरबॉक्सचं पण सांगा ना.

तेलकट
गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडायला मदत करणारी) असेल तर जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल. जीएल-५ मध्ये गंधकाचं प्रमाण जास्त असतं, काही जीएल-५ तेलं पितळ-कांसं खातात. डिफरन्शियलला, त्यातले गिअर हायपॉइड (तिरक्या दातांचे, जास्त घासणारे) असतील तर, जीएल-५ चालतं. "दोन्हीकडे एकच डबा" हा आपल्याकडचा आवडता शॉर्टकट, त्यात गिअरबॉक्सचा बळी जातो.

डेट्रॉइटकर
इकडे मिशिगनमध्ये असतो, मूळचा मिरजेचा. धाग्याचं शीर्षक वाचून हसू आलं, कारण आमच्या क्लबमधल्या फोर्ड मॉडेल टी मध्ये लायनर आणि ऑइल हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. ब्रेक तेलातच चालतो!

मॉडेल टी (१९०८ ते १९२७, दीड कोटीच्या वर गाड्या) चा पायाचा ब्रेक चाकांवर नसतो. गिअरबॉक्समधल्या एका ड्रमभोवती पट्टा आवळला जातो. तो पट्टा आणि इंजिन एकाच तेलात. मूळ अस्तर विणलेल्या सुताचं. तेलात भिजलेलं सूत मऊ पकडतं, पण झिजलं की त्याचे धागे तेलात फिरतात आणि पुढच्या बाजूला तेल नेणारी बारीक नळी बुजवतात. पंप नाही, फ्लायव्हील तेल उडवतं आणि त्यातलं थोडं त्या नळीच्या फनेलमध्ये पडतं. नळी बुजली की पुढचे सिलिंडर कोरडे. म्हणजे ब्रेक झिजला की बेअरिंग जातं. आता लोक लाकडाचे पट्टे लावतात, कुणी केव्हलारचे. केव्हलार झिजत नाही, पण अडजस्टमेंट चुकली तर ड्रम तापून तडकतो, यावर इथल्या म्हाताऱ्यांची जुनी भांडणं आहेत.

खरी भीती पुढे आहे. ब्रेक गिअरबॉक्सवर, म्हणजे चाक थांबवायचं काम ड्राइव्ह शाफ्ट आणि मागच्या अ‍ॅक्सलमधून जातं. मूळ अ‍ॅक्सलमध्ये बॅबिट या मऊ धातूचे थ्रस्ट वॉशर होते. ते म्हातारपणी भुगा होतात. मग आतले दोन दातेरी गिअर, पिनियन आणि क्राऊन व्हील, एकमेकांना सोडतात आणि पायाखालचा ब्रेक एका क्षणात शून्य. उरतो फक्त हँडब्रेक. म्हणून गाडी घेतली की पहिलं काम, अ‍ॅक्सल उघडून कांस्याचे वॉशर टाकणे. मग रंगरंगोटी.

मुंबईचा_मीटर
बाप रे. आणि आपण म्हणतो जुनी गाडी मजबूत.

गाडीवान
धागा छान चाललाय, पण एक साधा प्रश्न. पुढे डिस्क ब्रेक का बसवत नाही? हल्ली किट मिळतात. एवढी उठाठेव कशाला?

साशंक
कारण मग ती डुक्कर फियाट राहत नाही, डुकराचं कातडं पांघरलेली मारुती होते.

घाटमाथा
कायद्याकडेही बघा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, नंबरात 'व्हीए' येतं, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठा बदल नको. त्या यादीत ब्रेकचं नाव नाही, तेव्हा डिस्क लावली म्हणून नोंदणी अडेल असं मला वाटत नाही. रॅलीत परीक्षक मात्र चाकातून वाकून बघतात.

पण व्हीए गाडी रोज ऑफिसला न्यायची परवानगीच नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर. एवढ्या कामाला नीट लावलेले ड्रम भरपूर झाले.

बोलघेवडा
"साहेब, पेट्रोल भरायला चाललोय." "कुठे?" "महाबळेश्वरला."

उद्यमनगर
अवांतर: आमच्याकडे दसऱ्याला न्यू पॅलेसची, म्हणजे छत्रपती घराण्याची, जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते. गर्दीतनं माणसाच्या चालीने. लहानपणी सगळी पोरं वरचा दिमाख बघायची, वडील मात्र मला खाली बघायला सांगायचे, ड्रम केवढा आहे बघ म्हणून.

पेठेतला_पाना
शाफ्ट काढला. उद्यमनगर, तुम्हाला साष्टांग. नख नुसतं अडकलं नाही, तुटलं. चांगली खाच आहे. आता?

आणि ब्रेक ऑइलचा दर्जा कुठला? मेकॅनिक डॉट ३ म्हणतो, मेव्हणा (तोच) डॉट ५ मागवतोय.

उद्यमनगर
खाचेवर तीन उपाय. पातळ स्टीलची स्लीव्ह ठोकून बसवायची, सगळ्यात स्वस्त. किंवा सील दीड-दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणायची, पण हाउसिंगमध्ये तेवढी जागा पाहिजे. नाहीतर शाफ्टवर वेल्डिंग भरून ग्राइंड करणे, ते मी मागच्या अ‍ॅक्सलला करत नाही. उष्णतेने शाफ्ट वाकतो.

तेलकट
मेव्हण्याला चहा पाजा आणि विषय बदला. डॉट ५ सिलिकॉनचं आहे. पेंट खराब करत नाही, ओलावा शोषत नाही, हे गुण खरेच. पण जुन्या लाइनमध्ये डॉट ३ चा थेंबही राहिला तर दोन्ही मिसळत नाहीत. आणि पाणी शोषलं नाही म्हणजे ते नाहीसं होत नाही, खालच्या भागात जाऊन साचतं आणि सिलिंडर गंजवतं. सगळं नवीन, नळ्यांसकट, असेल तरच डॉट ५ चा विचार. (डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच.)

डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. आपल्या पावसाळ्यात ते वेगाने ओल धरतं, दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. डबा फोडल्यावर उरलेलं वर्षभर शेल्फवर ठेवू नका. आणि इंजिन ऑइलचा थेंब ब्रेकच्या टाकीत गेला तर सगळे रबर फुगतात, पेडल अडकतं. मग किट बदलूनही भागत नाही, लाइन पूर्ण धुवावी लागते.

पूर्वी ब्रेक ऑइल म्हणजे एरंडेल आणि अल्कोहोल असायचं. रबराला लावायचं लाल ग्रीस अजूनही वनस्पती तेलाचं असतं. सिलिंडरचं किट बसवताना तेच वापरा, चाकाचं ग्रीस नाही.

बोलघेवडा
एरंडेल! म्हणजे लहानपणी आमचेही ब्रेक ब्लीड व्हायचे.

संपादक
बोलघेवडा, आवरा. 😀

पेठेतला_पाना
ठरलं. स्लीव्ह बसवणार, ब्रेक ऑइल डॉट ४, इंजिनात २०डब्ल्यू-५० मिनरल, लायनर बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे विणलेले. उद्यमनगर, शू तुमच्याकडे कुरिअर करू का? ड्रमला ओरखडे आहेत, ते इथेच पुण्यात लेथवर साफ करून घेतो.

उद्यमनगर
नको नको. ड्रम आणि शू दोन्ही पाठवा. ड्रम टर्न केला की व्यास वाढतो आणि शूचा गोलावा लहान पडतो. मग लायनर फक्त मधे टेकतो, टोकं हवेत. लोक म्हणतात नवीन लायनर, तरी ब्रेक नाही. आम्ही ड्रम टर्न करतो, जाड लायनर मारतो आणि त्याच ड्रमच्या मापाने लायनर घासतो. शेवटी लायनरला खडू फासून ड्रममध्ये फिरवायचा. खडू सगळीकडे सारखा पुसला गेला तर ठीक. ड्रम व्यासात दीड मिलिमीटरपेक्षा जास्त काढावा लागत असेल तर मी सांगेन, मग दुसरा ड्रम शोधावा लागेल. इथल्या फाउंड्रीत ओतून घेता येतो.

रिबिट मारताना मधनं सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं, नाहीतर मधे फुगा राहतो. हे घरी करू नका. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे पाठवा, एका चाकाला नवे आणि दुसऱ्याला जुने ठेवले तर गाडी पुन्हा ओढणार, फक्त दुसऱ्या बाजूला.

फुप्फुसवाली
आणि कुरिअर करण्याआधी शू ओले करून दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधा, वर 'अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं' असं लिहा. उद्यमनगर, तुमच्याकडे घासताना ओलं करूनच घासता ना?

उद्यमनगर
जुना लायनर आम्ही घासत नाही मॅडम, छिन्नीने रिबिट तोडून अख्खा काढतो. पाणी मारून. वडिलांच्या वेळी असं नव्हतं.

पाना साहेब, सोमवार सोडून कधीही पोहोचू दे, सोमवारी आमचं बंद. परत आल्यावर बसवाल तेव्हा पहिले दोनशे किलोमीटर घाटात नेऊ नका. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून २० पर्यंत हळू ब्रेक, मग थंड होऊ द्यायचा, पुन्हा तेच. नव्या लायनरमधला वास येईल, घाबरू नका. वास जाईपर्यंत मेव्हण्याला बसवू नका एवढंच.